भिंतीचा शेवटचा आठवडा

माझ्या नवऱ्याला त्याच्यासोबतचे खेळाडू 'भिंत' म्हणतात. समोरून कसाही चेंडू येवो, हा परत पाठवतो, म्हणून. त्याला स्वतःला हे नाव आवडतं. मलाही ते पटतं, पण कारण वेगळं आहे. गेली दहा वर्षं मी त्याच्याशी 'आता पुरे' या एका विषयावर बोलते आहे, आणि माझा प्रत्येक शब्द जसाच्या तसा माझ्याकडे परत आलेला आहे.

तो टेनिस खेळतो. पोटासाठी खेळतो असं म्हणायची पद्धत आहे, पण आमच्या घराचं पोट माझ्या नोकरीवर चालतं. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर मापं पाठवतात, आम्ही प्लास्टरचे साचे ओतून त्यावर कवळ्या बनवतो. दिवसभर माझ्या टेबलावर अनोळखी लोकांचे जबडे मांडलेले असतात आणि त्यातला एकही उलट बोलत नाही. घरी हे सुख नाही.

नवरा टेनिस खेळतो म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात. "टीव्हीवर दिसतात का हो?" नाही दिसत. "मग कितवे आहेत?" मी सांगते, जगात पाचशे एक्याण्णवावा. त्यावर लोक "अरे वा" म्हणतात, पण ते 'वा' मधेच कुठेतरी बसकण मारतं. मला राग येतो. जगात पाचशे एक्याण्णवाव्या नंबरचा दातांचा डॉक्टर असता तर लोकांनी सहा-सहा महिने आधी नंबर लावले असते. टेनिसमध्ये त्या नंबरचा माणूस सहा जणांच्या खोलीत दुमजली खाटेच्या वरच्या मजल्यावर झोपतो आणि आपले मोजे बेसिनमध्ये आपणच धुतो.

हा नंबर दर सोमवारी बदलतो. सोमवारी सकाळी सासूबाई माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात येतात. "अगं, आज आकडा किती?" पहिली दोन वर्षं मी "वाढला" म्हटलं की त्या "बरं झालं बाई" म्हणून समाधानाने आंघोळीला जायच्या. आकडा वाढणं वाईट असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही सांगितलं नाही. शेवटी नणंदेने सांगितलं, आणि माझ्या सोमवारची उरलीसुरली शांतताही गेली.

आकड्यामागची रीत बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते, आणि आमचं सगळं घोडं तिथेच अडलं आहे. खेळाडू एखाद्या गावी जिंकला की त्याला पॉइंट मिळतात. हे पॉइंट बावन्न आठवडे टिकतात, मग गळून पडतात. म्हणजे गेल्या वर्षी या आठवड्यात जे कमावलं ते या वर्षी याच आठवड्यात जातं. तेवढंच पुन्हा कमवा, नाहीतर नंबर कोसळला. त्यामुळे तो दर वर्षी त्याच त्या गावांना त्याच त्या आठवड्यात जातो. तीच बस, तेच वसतिगृह, न्हाणीघरातला तोच तुटका नळ. एकदा मी विचारलं, "पुढे कधी जाणार तू?" तो म्हणाला, "आधी आहे तिथे राहू तरी दे." हे त्याने चेष्टेत म्हटलं नव्हतं.

त्याच्या बापाने त्याला सातव्या वर्षी क्लबात नेलं. सासरे तिथे ऑफिसात कारकून होते, म्हणून पोराला कोर्ट फुकट. कोर्ट रिकामं नसलं की हा मागच्या भिंतीवर चेंडू मारत बसायचा. सतराव्या वर्षी घर सोडून फिरायला लागला. चोविसाव्या वर्षी दोनशे सत्त्याऐंशीवा झाला. हे त्याच्या आयुष्यातलं शिखर. ते बरोबर एक आठवडा टिकलं, पण तो आकडा आमच्या घरात लग्नाच्या तारखेपेक्षा जास्त वेळा उच्चारला जातो.

त्याच वर्षी एका नामांकित खेळाडूने सरावासाठी त्याला तीन दिवस बोलावून घेतलं. तिन्ही दिवस हा चेंडू परत पाठवत राहिला. तो मोठा माणूस त्याला 'पार्टनर' म्हणायचा. जाताना पाठीवर थाप मारून म्हणाला, "मस्त खेळलास पार्टनर, नाव काय तुझं?" ही गोष्ट नवरा अजूनही अभिमानाने सांगतो. नाव विचारलं यातच त्याला सगळं आलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, हे त्याला दिसत नाही, आणि आता मीही दाखवत नाही.

मग गुडघा दुखायला लागला. तेव्हापासून मी घरातला फिजिओही झाले. जबडे करून घरी यायचं आणि गुडघा चोळायचा. एकोणतिसाव्या वर्षी त्याने थांबायचं ठरवलं. खरंच ठरवलं. मित्रांना फोन केले, गळ्यात गळे घालून झाले. दुसऱ्या दिवशी कुठूनसा निरोप आला की एका स्पर्धेत कुणी आजारी पडलंय, जागा रिकामी आहे. "एवढी एक खेळून येतो." तिथे दोन सामने जिंकला. झालं. आता ते पॉइंट गळेपर्यंत थांबायचं नाही. आणि ते गळायच्या आत तो आणखी कुठेतरी दोन सामने जिंकतोच. सगळे सामने हरला असता तर कधीच घरी आला असता. पण भिंत पूर्ण पडत नाही, ही तिची खोड.

त्याच्या पायी काय काय हुकलं याची यादी मी करत नाही. एकच सांगते. आमची मुलगी चार वर्षांची असताना तिने शाळेत घराचं चित्र काढलं. आजी, आई, ती स्वतः, आणि दाराशी एक मोठी लांबट बॅग. बाईंनी विचारलं, बाबा कुठे आहेत? ती म्हणाली, "ही काय बॅग आहे ना. म्हणजे बाबा आत्ता घरी आहेत." मी ते चित्र कपाटाच्या तळाशी ठेवून दिलं आहे. त्याला दाखवलेलं नाही.

या वर्षी मात्र चमत्कार झाला. ज्या क्लबात तो शिकला तिथले मुख्य कोच निवृत्त व्हायला निघाले. क्लबचे सेक्रेटरी म्हणजे सासऱ्यांचे जुने मित्र. आम्ही त्यांना काका म्हणतो. काकांनी जागा याच्यासाठी धरून ठेवली. सकाळ-संध्याकाळ मुलांना शिकवायचं, दुपारी जेवायला घरी. कोर्टाला लागून कोचची खोली, खिडकी, टेबल, दारावर नावाची पाटी. मी जाऊन बघूनही आले. खिडकीत बसून मिनिटभर उगाच बाहेर पाहिलं. पण नवऱ्याने आधी 'हा हंगाम संपू दे' म्हणून काकांना थांबवलं, मग 'गुडघा बरा होऊ दे' म्हणून थांबवलं. तिसऱ्या वेळी काका घरी आले, चहाला हातही न लावता म्हणाले, "कमिटी मंगळवारी चार वाजता बसते आहे. दुसरा उमेदवार तयार आहे. मला आता तोंड दाखवायला जागा नाही. तू तिथे ये आणि हो म्हण. नाहीतर राम राम."

नवरा म्हणाला, "येतो."

आणि या वेळी त्याने मनापासून म्हटलं होतं. मला कळतं ते. मंगळवारच्या आधीच्या शनिवारी तो शेवटच्या स्पर्धेला गेला. गेल्या वर्षी तो याच गावात उपांत्य फेरीपर्यंत पोचला होता. ते पॉइंट या आठवड्यात गळणार होते. "जिंकायला नाही जात," तो म्हणाला, "निरोप घ्यायला जातो." सासूबाईंनी डोळे पुसले. मुलीने विचारलं, "मग बॅग आता कुठे ठेवायची?" त्या बॅगेला घरात दुसरी जागाच नव्हती.

मुख्य स्पर्धेत शिरण्यासाठी आधी पात्रता फेऱ्या असतात. सोमवारी तो शेवटच्या पात्रता फेरीत हरला. त्याने फोन केला तेव्हा आवाज हलका होता. "सुटलो," म्हणाला. मी मंगळवारी लॅबमध्ये रजा टाकली, मुलीला सासूबाईंकडे सोपवलं आणि सकाळी सातलाच गाडी काढली. तीन तासांचा रस्ता. मीच त्याला घेऊन यायचं, कमिटीपुढे उभं करायचं आणि मगच हात सोडायचा, असा माझा बेत होता. त्याला एकट्याने बसने येऊ द्यायची माझी छाती नव्हती.

दहा वाजता पोचले. वसतिगृहाच्या दारात तो आंघोळ करून, साधा शर्ट घालून उभा होता. बॅग भरलेली. मी त्याला साध्या शर्टात पाहून इतकी खूश झाले की विचारू नका. ऑफिसात किल्ली देऊन येतो म्हणाला आणि आला तो चेहरा पाडून.

"काय झालं?"

"काही नाही. सही होऊन गेलीय."

"कसली सही?"

इथे मला आणखी एक रीत सांगायला हवी. शेवटच्या पात्रता फेरीत जे हरतात, त्यांच्यासाठी रोज सकाळी रेफरीच्या टेबलावर एक कागद ठेवलेला असतो. ज्याला अजून आशा आहे त्याने सही करायची आणि तयार होऊन बसून राहायचं. मुख्य स्पर्धेतला कुणी आयत्या वेळी गळला, तर कागदावरच्यांतून वरच्या नंबरचा माणूस आत. माझ्या नवऱ्याने आयुष्यात अशा किती सह्या केल्या असतील देव जाणे. बूट बांधून, पट्ट्या लावून, दुसऱ्याच्या पोटात दुखायची वाट बघत दिवसचे दिवस बसायचं.

"किल्ली द्यायला गेलो होतो," तो म्हणाला. "टेबलावर कागद होता. हात गेला."

"हात गेला? म्हणजे हात तुझा नाही का?"

"अगं, मी दुसरा आहे यादीत. पहिल्याचीच पाळी येणार नाही."

मी तिथल्या तिथे त्याचं सगळं काढलं. आजूबाजूला पोरं रॅकेटा घेऊन चालली होती, ती बिचारी मान खाली घालून लांबून गेली. माझं संपल्यावर तो म्हणाला, "चल, निघू." आणि आम्ही गाडीची डिकी उघडून बॅग आत ठेवत होतो, तेवढ्यात ऑफिसातली मुलगी धावत आली. एका खेळाडूला उलट्या सुरू झाल्या होत्या. आणि यादीतला पहिला माणूस सही करून सकाळच्याच बसने निघून गेला होता. सामना दीड वाजता. खेळणार का? दहा मिनिटांत सांगा.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याने त्या मुलीकडे नाही पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. 'नाही' म्हणायची वेळ ती होती आणि ते म्हणायचं माणूस मी होते. त्यासाठीच मी तीन तास गाडी चालवून आले होते.

मी म्हणाले, "बूट कुठल्या कप्प्यात आहेत?"

का म्हणाले ते मला सांगता येणार नाही. त्याचा चेहरा बघून म्हणाले, एवढंच.

काकांना त्याने तिथूनच फोन लावला. स्पीकरवर होता. काका म्हणाले, "तुझा बाप असता तर त्यानेच तुला दोन ठेवून दिल्या असत्या. ठीक आहे. चार वाजता मी मीटिंगमधून एक फोन करीन. एकच. हो असेल तर हो सांगायचं. दुसरा माणूस बाहेर बाकावर बसलेला असेल, त्याला ताटकळत ठेवणार नाही."

खेळाडूला कोर्टवर फोन नेता येत नाही. त्याने फोन माझ्या हातात दिला आणि माझी मूठ मिटली. "तू फक्त हो म्हण. मी जिंकत असलो, हरत असलो, मधेच आडवा पडलो, काहीही असो. हो."

"नक्की?"

"तुझी शपथ."

कोर्टाच्या टोकाला तीन पायऱ्यांची बाकं होती. बघायला दहा-अकरा माणसं. समोरचा खेळाडू एकोणीस वर्षांचा, उंचापुरा, बरोबर त्याचा कोच, फिजिओ आणि वडील. माझ्या नवऱ्याच्या बाजूने मी आणि डिकीतून परत काढलेली बॅग. खरं सांगते, मी मनातून तो हरावा म्हणून बसले होते. साडेतीनपर्यंत हरू दे, मग फोनवर तो स्वतःच हो म्हणेल, अशी माझी आखणी होती. पहिला सेट हरला तेव्हा मला बरं वाटलं आणि त्याची लाजही वाटली. दुसरा सेट त्याने काढला. भिंतच ती. समोरचा मुलगा मारून मारून दमला, वैतागून स्वतःशी बोलायला लागला. तिसऱ्या, शेवटच्या सेटमध्ये हा लंगडत होता, पण ते मलाच दिसत होतं. पट्टीखाली गुडघा कुठे खुपतो आहे तेही मला कळत होतं. चार-पाच असा मागे पडला, म्हणजे आणखी एक गेम गेला की सामना गेला, आणि बाजू बदलायला दोघं खाली बसले. घड्याळात चारला चार मिनिटं कमी होती.

टेनिस बघणाऱ्यांना एक नियम असतो. खेळ चालू असताना जागेवरून उठायचं नाही, बोलायचं नाही. खेळाडू बाजू बदलताना बसतात तेवढ्यात काय ते उठा, बाहेर जा. तेव्हा मी उठू शकत होते. फोन घेऊन फाटकाबाहेर उभं राहू शकत होते. त्या मुलाचे वडील उठून पाणी प्यायला गेलेसुद्धा. मला वाटलं, हा शेवटचा गेम असेल, एवढा बघू. दोन मिनिटांचा तर प्रश्न. मी बसून राहिले आणि फाटक लागलं.

तो सर्व्हिसला आला. तीस-चाळीस झालं. म्हणजे पुढचा पॉइंट गेला की सामना संपला, इतक्या वर्षांचं सगळं संपलं. पहिली सर्व्हिस जाळीत. आता दुसरी. दुसरी चुकली तर पॉइंट आपोआप गेला. दुसऱ्या सर्व्हिसला बायकोने काय करायचं असतं, ते मला कुणी शिकवलेलं नाही. मी श्वास घेत नाही. हलत नाही. घरी फोनवर नुसते आकडे बघत असले तरी माझ्या हातातलं लाटणं थांबतं, सासूबाई नळ बंद करतात. त्याने चेंडू जमिनीवर आपटला. एक, दोन, तीन. आणि माझ्या मुठीत फोन थरथरला.

मी तो कापला.

अंगठ्याने, न बघता. मांडीवर बसलेली माशी झटकावी तसा. कुणाचा आहे हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. त्या फोनसाठीच मी तिथे बसले होते. त्या क्षणी मला एवढंच ठाऊक होतं की दुसरी सर्व्हिस आहे आणि आवाज होता कामा नये.

सर्व्हिस आत पडली. रॅली, म्हणजे चेंडूची ये-जा, इतकी लांबली की आपण कुणाचा फोन कापला याचं मला मधेच भान आलं. तो पॉइंट याने घेतला. गेमही घेतला. पाच-पाच. आता उठता येईल म्हणून मी अर्धी उठले, तर अंपायरने नुसतं माझ्याकडे पाहिलं. बरोबर होतं त्याचं. पाच-पाचला बाजू बदलत नाहीत. पुढचा गेम पूर्ण होईपर्यंत मी त्या बाकावर खिळलेली. बोलता येईना, उठता येईना. फोन मांडीखाली दाबून मी बसले होते आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या त्या कोण कुठल्या दुसऱ्या उमेदवाराचा विचार करत होते. त्याचीही बायको असेल. तिनेही खिडकी बघून ठेवली असेल.

तो गेम अकरा मिनिटं चालला. सहा-पाच झालं, फाटक उघडलं, मी धावत बाहेर गेले. काकांना लावला, उचलला नाही. परत लावला. मग त्यांचा मेसेज आला. 'समजलो. खेळा. आशीर्वाद आहेत.'

मी परत आत जाऊन बसले. जाणार कुठे?

त्याने सामना जिंकला. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या, तोंडाने ओरडलेही. खोटं कशाला बोलू, त्या एका मिनिटात मला आनंदच झाला होता. मग मनात हिशोब उमटला. हे पॉइंट आता पुढच्या वर्षी याच आठवड्यापर्यंत राहणार.

हात मिळवून झाले. तो बाकावर टॉवेल डोक्यावर घेऊन थोडा वेळ बसला आणि मग जाळीच्या कुंपणापाशी आला. मी अलीकडे, तो पलीकडे. चेहरा लाल, त्यावर माती, आणि डोळ्यांत ती जुनी चमक, जिच्यावर भाळून मी त्याच्याशी लग्न केलं होतं.

"फोन आला?" त्याने विचारलं.

"आला होता."

"मग?"

"तू सर्व्हिस करत होतास. चार-पाच, तीस-चाळीस."

त्याची चमक हळूहळू उतरली. तो ओरडेल असं मला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला रडता तरी आलं असतं. पण त्याने जाळीत बोटं अडकवली आणि पायांकडे बघत अगदी सरळ आवाजात विचारलं, "पहिली की दुसरी?"

"दुसरी."

त्याने मान हलवली.

"मग कसा उचलणार," तो म्हणाला, आणि उद्याच्या सामन्याची वेळ विचारायला ऑफिसकडे गेला.